संकेतस्थळाचा मक्ता आणि दप्तराची जबाबदारी

२०२५ सालच्या जानेवारीत राज्य शासनाने आपल्या कार्यालयांपुढे शंभर दिवसांचा जो कार्यक्रम ठेवला, त्याच्या सात मुद्द्यांमध्ये स्वच्छता, तक्रारींचे निवारण आणि अधिकाऱ्यांच्या क्षेत्रभेटी यांच्या पंक्तीला संकेतस्थळ हा विषयही येऊन बसला. आणि मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ज्यांनी आजवर ह्या विषयाकडे संगणकावर बसणाऱ्या कंत्राटी मुलाचे काम म्हणून पाहिले होते, त्यांनाही त्याची दखल घेणे भाग पडले. भारतीय गुणवत्ता परिषदेकडून गुणांकन होणार म्हटल्यावर धावपळ होणे साहजिक होते, आणि त्या धावपळीचे पुष्कळसे फळ चांगलेच निघाले, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे. कित्येक कार्यालयांची वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेली पाने त्या निमित्ताने जागी झाली. परंतु शंभर दिवसांत जे जागे होते ते पुढेही जागे राहील, ह्याची तजवीज कार्यक्रमाच्या मुद्द्यांत बसत नाही. ती कार्यालयाच्या नित्य कारभारात बसवावी लागते, आणि तेथेच आमच्या कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांतील संस्थांनी, मग ती नगरपरिषद असो, नगरपंचायत असो की डोंगराच्या पोटातली ग्रामपंचायत असो, थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते.

संकेतस्थळ हे बांधकाम आहे, असा आपला समज आहे. निविदा काढावी, ठेकेदार नेमावा, मुदत द्यावी, काम पुरे झाले की पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून लोकार्पण करावे, देयक अदा करावे आणि फाईल बंद करावी. हा क्रम गटार किंवा समाजमंदिर बांधताना कसाबसा चालून जातो, कारण समाजमंदिर बांधून झाले की कोणी त्याच्या भिंतीला आज पाणी किती वाजता सुटणार म्हणून विचारीत नाही. संकेतस्थळाला लोक तेच विचारतात. वस्तुतः ते दप्तराचे काम आहे: कोणती माहिती कोणाकडे निपजते, ती कोण तपासतो, कोणाच्या सहीने ती बाहेर जाते आणि शिळी झाल्यावर ती कोण काढून टाकतो, ह्या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयापाशी नाहीत, त्याला जगातील उत्तमोत्तम कारागीर लाभला तरी तो सुंदर चौकटीपलीकडे काही देऊ शकणार नाही.

ह्या कामाचे नियोजन बहुधा कोठून सुरू होते ते पाहावे. पहिल्या बैठकीत चर्चा होते ती रंगाची, बोधचिन्हाची आणि पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांच्या क्रमाची. मग मनोगत येते, मग उद्दिष्टे, मग छायाचित्रांचे दालन, मग वरच्या बाजूने डावीकडे सरकत राहणारी स्वागताची पट्टी, आणि तळाशी आजवर किती जणांनी भेट दिली तो आकडा. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो मनुष्य त्या बैठकीत नसतो. तो खांडस-कशेळ्याच्या बाजूला कोठेतरी, एका दांडीवर येणाऱ्या नेटवर्कखाली, हातातल्या साध्या मोबाइलवर जन्माच्या दाखल्याला कोणती कागदपत्रे लागतात एवढेच शोधीत असतो. ते त्याला घरी कळले नाही, तर एसटी नाहीतर सहा आसनी रिक्षा करून तो कर्जतला येणार, खिडकीवर एक कागद कमी आहे असे ऐकणार, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून परत जाणार. त्याच्या मोबाइलवर पान उघडण्याआधी धबधब्याची आणि गडाची चार भलीमोठी छायाचित्रे उतरावी लागत असतील, तर ते पान त्याच्यापुरते अस्तित्वातच नाही. नियोजनाच्या पहिल्या बैठकीचा पहिला कागद म्हणजे अशा माणसांच्या प्रश्नांची यादी होय, आणि ती यादी कोणत्याही सल्लागाराकडून विकत आणावी लागत नाही. आवक खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला आठवडाभर दिवसाकाठी आलेले प्रश्न वहीत टिपून ठेवण्यास सांगितले, म्हणजे ती आपोआप तयार होते.

शिवाय मजकुराचा एक आराखडा कायद्यानेच घालून दिलेला आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सतरा बाबींची माहिती, कोणी मागण्याची वाट न पाहता, एकशे वीस दिवसांच्या आत स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे आणि ती अद्ययावत ठेवण्याचे बंधन घातले, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असेही सांगितले. म्हणजे संकेतस्थळावर काय असावे, हा प्रश्न दोन दशकांपूर्वीच सुटलेला आहे. अडते ते अद्ययावत ठेवण्यापाशी. ही सतरा बाबींची फाईल अनेक ठिकाणी आढळते, परंतु तिच्यातील माहिती अधिकाऱ्याच्या जागी ज्यांचे नाव असते ते गृहस्थ दोन बदल्या होऊन कधीच दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात.

आणि ती फाईल ज्या रूपात चढवलेली असते तेही एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. संगणकावर टंकलेला मजकूर आधी कागदावर छापतात, त्यावर सही-शिक्का होतो, मग तो कागद टेबलावर ठेवून मोबाइलने त्याचे छायाचित्र घेतात, आणि तेच पीडीएफ म्हणून चढवतात. पान तिरपे, एका कडेला अंगठ्याची सावली, शिक्का नेमका तारखेवर, आणि फाईलचे नाव ‘स्कॅन’ व पुढे काही आकडे. असा कागद शोधून सापडत नाही, छोट्या पडद्यावर वाचता येत नाही, आणि अंध व्यक्तीला पान वाचून दाखवणारी जी संगणकीय सोय असते ती त्याच्यापुढे मुकी होते. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ पासून मार्गदर्शक सूचना केल्या आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही निघाली, आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्यतेचा आग्रह धरतो. पण टंकलेला मूळ मजकूर हाताशी असताना त्याचे छायाचित्र काढून लावण्याची ही सवय सूचनांनी सुटणारी नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्ये ज्याच्या संगणकावर आहे त्यानेच तो पानावर ठेवावा आणि सहीची प्रत सोबत जोडावी, असा एका ओळीचा कार्यालयीन हुकूम त्यासाठी पुरतो.

हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी सातबाऱ्याचे उदाहरण आहे. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाला किती वर्षे लागली, त्यात किती चुका निघाल्या आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ह्या जुन्या वाक्याची जागा कसे घेते झाले, हे सेतू केंद्रासमोर ताटकळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आज डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, आणि १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या त्या उताऱ्याच्या मागे एक गोष्ट अशी घडली होती की तिचे महत्त्व आमच्या लक्षात पुरेसे आलेले नाही. २०१७ साली संगणकावरील नोंदी गावोगावी चावडीवर वाचून दाखवण्यात आल्या. ज्याची जमीन त्याने ऐकावे, नाव, क्षेत्र, आणेवारी चुकली असेल तर तेथेच सांगावे, आणि मग दुरुस्ती होऊन नोंद पक्की व्हावी. संगणकाच्या व्यवसायात ज्याला चाचणी म्हणतात आणि जिच्यासाठी मोठमोठ्या कंपन्या स्वतंत्र विभाग ठेवतात, ती आपल्या महसूल खात्याने चावडीवर, प्रत्यक्ष खातेदारांकडून करून घेतली. ज्या दोन तालुक्यांत मुंबईकरांच्या फार्महाऊसच्या मागणीने गुंठ्यागुंठ्याला मोल आले आहे, तेथे ह्या वाचनाचे मूल्य काय, हे वेगळे सांगावयास नको. सातबारा चालतो ह्याचे दुसरे कारण असे की त्याचा नमुना, त्यातील फेरफाराची रीत आणि प्रत्येक नोंदीची जबाबदारी संगणक येण्यापूर्वीच ठरलेली होती. दप्तर आधी होते; संगणक मागाहून आला.

उलटा क्रम झाला म्हणजे काय होते, ह्याची साक्ष मोठ्यांचीच काढता येते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्यासाठी उभारलेले संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले, आणि पहिल्या दिवशी त्यावरून विमा घेण्यात यशस्वी झालेल्यांची संख्या शासनाच्याच अंतर्गत टिपणात अवघी सहा निघाली. पैशाची वाण नव्हती, तज्ज्ञांची नव्हती. ठेकेदार अनेक होते, आणि सर्वांच्या कामाची सांगड घालून ‘हे अजून तयार नाही’ असे अधिकारवाणीने म्हणणारा कोणी नव्हता. आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये आयकर विवरणपत्रांचे नवे संकेतस्थळ उघडल्यावर करदात्यांना आणि त्यांच्या सनदी लेखापालांना जे काही महिने काढावे लागले, ते अद्याप कोणी विसरले नसावेत.

एवढा मोठा व्याप आमच्या नगरपरिषदांचा नाही, हे खरे. पण व्याधी तीच असते आणि तिचे लहान रूप मला चांगले परिचयाचे आहे. काम अर्ध्यावर आले असता कोणी पदाधिकारी म्हणतो, ‘जाता जाता पर्यटनाचेही एक पान घाला’. दुसरा म्हणतो, घरपट्टी ऑनलाइन भरण्याची सोय करा. तिसऱ्याला तक्रारींचे स्वतंत्र ॲप हवे असते. ठेकेदार कोणालाच नाही म्हणत नाही, मुदत टळते, आणि मग लवकर व्हावे म्हणून आणखी दोन मुले कामाला लावली जातात. रखडलेल्या संगणकीय कामावर नवी माणसे घातली म्हणजे ते अधिकच रखडते, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो, हे फ्रेड ब्रुक्स ह्या अमेरिकन अभियंत्याने १९७५ सालीच मांडून ठेवले आहे. ह्यावरचा उपाय कटू आहे: संस्थेच्या बाजूने बोलणारा अधिकारी एकच असावा, प्रत्येक नवी मागणी त्याच्याकडे लेखी यावी, आणि तिच्यापुढे वाढणारे दिवस व वाढणारा खर्च लिहून मगच तिच्यावर निर्णय व्हावा. बोलण्यात सुचलेल्या दहा मागण्यांपैकी सात लिहिण्याच्या श्रमानेच गळून पडतात.

ठेकेदाराविषयी बोलताना बोरघाटाची आठवण होणे कर्जतकराला अपरिहार्य आहे. पळसदरीच्या पलीकडे सदतीस फुटांना एक फूट अशा चढणीने जाणारा, पंचवीस बोगद्यांचा तो लोहमार्ग १८५६ ते १८६३ ह्या काळात झाला. पण त्यापूर्वी जेम्स बर्कली ह्या मुख्य अभियंत्याने सह्याद्रीच्या त्या अंगाची पाहणी आणि मोजमापे करण्यात वर्षे घालविली होती. पहिला ठेकेदार फॅव्हिएल ह्याने मध्येच काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत आजाराने वारला. आणि त्याच्या मागे ॲलिस ट्रेडवेल ह्या त्याच्या पत्नीने, हाताशी अभियंते घेऊन, तो मक्ता तडीस नेला. ठेकेदार तीन झाले, घाट एकच झाला, कारण आराखडा रेल्वे कंपनीचा होता. आणि मार्ग खुला झाल्याने काम संपले असे मानावे, तर चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. आजही दर पावसाळ्यात घाटात गस्त असते, आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात; ह्या खर्चाला कोणी जुन्या कामाचा उरलेला खर्च म्हणत नाही.

आमच्या संकेतस्थळांचा आराखडा मात्र ठेकेदाराच्या डोक्यात असतो आणि किल्ल्या त्याच्या खिशात. माझ्या पाहण्यातल्या एका लहान संस्थेचे नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, ठेकेदाराने सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर नोंदविले होते. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे गेली; तोवर त्याने धंदा बदललेला होता; आणि एके दिवशी संस्थेच्या नावाखाली भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. हा गलथानपणा खेड्यातलाच असतो असे नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला आपल्या एका महत्त्वाच्या डोमेनचे नूतनीकरण करण्याचे स्मरण राहिले नाही, हॉटमेलची सेवा अडखळली, आणि मायकेल चेनी नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने पदरचे पस्तीस डॉलर भरून ते नाव चालू करून दिले. आमच्या ग्रामपंचायतीला असा सज्जन भेटेलच ह्याची हमी कोणी द्यावी? शासकीय संस्थेने शासकीय डोमेनच घ्यावे, नोंदणी पदाच्या अधिकृत ईमेलवर करावी, मूळ संगणकीय लेखन आणि सर्व माहितीचा बॅकअप संस्थेच्या ताब्यात असल्याखेरीज अखेरचा हप्ता देऊ नये. निविदेत ‘संकेतस्थळ तयार करून कार्यान्वित करून द्यावे’ एवढ्या एका वाक्याने जे भागवले जाते, त्याच्या जागी ह्या अटी स्पष्ट शब्दांत आल्या पाहिजेत.

पण किल्ल्या कार्यालयाच्या ताब्यात आल्या तरी कार्यालयातील माणूस जागेवर राहत नाही. मुख्याधिकारी बदलतात, ग्रामपंचायत अधिकारी बदलतात, पूर्वीचे तलाठी आणि आताचे ग्राम महसूल अधिकारी बदलतात, आणि संगणकावर बसणाऱ्या कंत्राटी मुलाची मुदत तर दर अकरा महिन्यांनी संपते. सुदैवाने ह्याही प्रसंगासाठी आमच्या कारभारात पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. चार्ज देताना किर्द, पावतीपुस्तके, शिक्के, तिजोरीची किल्ली, जडवस्तूंची नोंदवही, सारे काही यादीनिशी मोजून दिले जाते आणि घेणारा सही करतो. त्या यादीत आणखी चार ओळी वाढवाव्यात: संकेतस्थळाचा पासवर्ड, डोमेनच्या मुदतीची तारीख, बॅकअप कोठे आहे, आणि ओटीपी कोणत्या क्रमांकावर येतो. शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल. परंतु बदलून गेलेल्या अधिकाऱ्याला दर वेळी फोन करून त्यांच्या खाजगी मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेत कारभार चालविणारी कार्यालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती क्षुल्लक वाटणार नाही.

येथवर जे लिहिले ते सोयी-गैरसोयीचे होते. काही माहिती मात्र प्राणांशी निगडित असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकरवस्तीतील चौऱ्याऐंशी माणसे, ज्यांचे देह मिळाले ती आणि ज्यांचे मिळाले नाहीत ती मिळून, आपण गमावली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले. संकेतस्थळ असते तर ती माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा उथळपणा मी करणार नाही. यादीतच जे नाव नाही ते पानावर कोठून येणार? परंतु यादी ही कधी, कोणी, कोणत्या पाहणीवरून केली आणि तिची पुढची पाहणी कधी आहे, हे जर तिच्या माथ्यावर उघड लिहिलेले असेल, तर वाडीवरचा शिकलेला एखादा मुलगा ‘आमचे नाव ह्यात का नाही?’ असे लेखी विचारू शकतो, आणि त्याला लेखी उत्तर देणे कोणाला तरी भाग पडते. तारखेवाचून प्रसिद्ध झालेली यादी खोटा दिलासा देते. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जाण्यास मनाई करणारे जे हुकूम निघतात त्यांचीही हीच गत: हुकूम खरा की गेल्या वर्षीचा, हे पर्यटकाला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या छायाचित्रावरून ठरवावे लागते. त्यातच ‘कर्जत’ असे शोधणाऱ्याला अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतचे कागद हाती येतात. दोन कर्जतांचा घोळ पत्रव्यवहारात जुना आहे. तेव्हा प्रत्येक पानाच्या शीर्षकात, आणि हुकुमाच्या फाईलच्या नावातही, जिल्हा रायगड हे शब्द असावेत. ह्याला एक पैचाही खर्च नाही.

उलट बाजूने, उत्साहाच्या भरात सारेच प्रसिद्ध करण्याचीही घाई नको. लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांकासकट चढवलेल्या आढळतात. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यावर तरी हे थांबावे.

लहान ग्रामपंचायतीने हे सारे कोणत्या पैशाने करावे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की तिने स्वतंत्र संकेतस्थळ बांधूच नये. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कार्यालयांसाठी तयार साच्याची सामाईक व्यवस्था उभारली आहे, आणि रायगड जिल्ह्याचे संकेतस्थळ तशाच व्यवस्थेवर चालते. सुरक्षितता, सुगम्यता, बॅकअप ह्यांची काळजी तेथे एका जागी वाहिली जाते. दोन्ही पंचायत समित्यांनी आपापल्या ग्रामपंचायतींसाठी अशाच एखाद्या सामाईक व्यवस्थेत प्रत्येकी एक पान मागून घ्यावे, आणि गावाने फक्त मजकुराची जबाबदारी घ्यावी. पाच खऱ्या आणि ताज्या ओळींचे पान, पन्नास सजवलेल्या आणि शिळ्या पानांहून, पाण्याची वेळ विचारणाऱ्या बाईच्या अधिक कामाचे आहे. कर्जत-खालापुरातील कृषिपर्यटन केंद्रांचे आणि फार्महाऊसवाल्यांचे म्हणाल, तर त्यांना माझ्या सल्ल्याची फारशी गरज नाही. शनिवारचे आरक्षण बुडाले की त्यांचे संकेतस्थळ सोमवारी दुरुस्त होते.

सरकारी कार्यालयाचे असे काही बुडत नाही, म्हणून तेथे तरतूद आधी करावी लागते. मार्चपूर्वी अंदाजपत्रकाच्या सभा होतील. त्यांत संकेतस्थळाच्या उभारणीसाठी एकरकमी आकडा धरण्याऐवजी दरवर्षीच्या निगराणीसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली लहानशी रक्कम धरावी, पावसाळ्याशी संबंधित सारी पाने एक जूनपूर्वी तपासून त्यांवर तारीख घालण्याचा ठराव त्याच सभेत करावा, आणि ठरावाच्या मसुद्यात ‘संबंधित विभागाने कार्यवाही करावी’ असे जे वाक्य सवयीने येते ते खोडून त्या जागी पदनाम लिहावे.